गोळ्यांच्या बाटलीतलं नशीब

मी किडे मारते. अठरा वर्षं झाली. ढेकूण, झुरळं, वाळवी, पिसवा, मुंग्या, जे निघेल ते. लोक मला दार उघडतात ते नाकाला रुमाल लावून, आणि काम झाल्यावर पाणी देतात ते कागदी कपात, म्हणजे मी गेल्यावर कप फेकता येतो. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

माझी ताई किडे विकते. मेलेले. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान आहे. काचेच्या फ्रेमीत टाचणीनं टोचलेली फुलपाखरं, पितळेचे भुंगे, लेडीबर्डचे ब्रूच, रातकिडा ठेवायचे बोटभर पिंजरे, आणि प्रत्येकाखाली तिच्या गोल अक्षरातलं कार्ड. चीनमध्ये घरात रातकिडा गायला की भरभराट होते. जपानमध्ये चतुर म्हणजे विजय, कारण तो कधी मागे उडत नाही. उडतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय, पण कार्डाशी वाद कोण घालणार? प्राचीन इजिप्तमध्ये शेणातला भुंगा म्हणजे नवा जन्म. युरोपात लेडीबर्ड अंगावर बसली की मनातलं मागून घ्यायचं. आणि फुलपाखरू तर काय विचारूच नका, बदल, आत्मा, नवी सुरुवात, सगळं त्या एकट्याच्या डोक्यावर. नोकरी बदलणारे, संसार मोडलेले, परीक्षेला बसणारे, सगळे ताईकडे येतात. एवढ्या देशांतल्या एवढ्या लोकांना किडा दिसला की बरं वाटतं म्हणे. मला बोलावतात ते सगळे मात्र किंचाळतच बोलावतात.

आमच्या घरात ताई म्हणजे शुभ आणि मी म्हणजे फवारणी. हे नाव तिनंच ठेवलं. मी आले की ओरडायची, "फवारणी आली, खिडक्या उघडा!" बाबा कोर्टाच्या जुन्या इमारतीत लिफ्टमन होते. तीस वर्षं वर आणि खाली, अंगात निळा लोकरीचा कोट, त्याला पितळेची बटणं. कुणी मुलींचं विचारलं तर सांगायचे, थोरलीचं दुकान आहे, धाकटी औषधांच्या लाइनीत आहे. औषधांच्या लाइनीत! एकदा मी त्याच लिफ्टमध्ये त्यांच्या मागे उभी असताना एका वकिलाला हेच सांगितलं, माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी सूप भरवायला वाटी उचलली, तर ताई नर्ससमोर म्हणाली, "आधी हात धू. विष लावून आली असशील." बाबांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून ताई असेल तिथे जायचं मी सोडून दिलं. ताई आईकडे रोज असते. त्यामुळे बाबा गेल्यानंतरच्या वर्षभरात मी आईकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा उभ्या उभ्या. आई फोन करायची, मी म्हणायची काम आहे, पुढच्या आठवड्यात बघते.

मग एक दिवस तिचा वेगळाच फोन आला.

"अगं, खिडकीत एक ठिपक्यांचं काहीतरी सापडलंय. गोल आहे. ताई म्हणते लेडीबर्डचं पिल्लू आहे, आपणहून घरात आलं म्हणजे काहीतरी चांगलं होणार. तू बघतेस का येऊन?"

"तू खोकतेयस का?"

"थोडंसं."

थोडंसं म्हणे! मी त्याच संध्याकाळी गेले, तर तिच्या छातीची शिट्टी जिन्यापर्यंत ऐकू येत होती. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. डाव्या गालावर आणि डाव्या बाजूला मानेवर लाल पुरळ उठलं होतं. हातात गोळ्यांची रिकामी बाटली, आणि आत पाच किडे तुरुतुरु फिरत होते.

"बघ, पाच झाले," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुललेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता, आणि मला त्याचाच राग आला.

ताई कपाटाला टेकून चहा पीत होती. मी तिच्याकडे न बघता भिंग काढलं.

"ही लेडीबर्ड नाही. लेडीबर्डचं पिल्लू काळं असतं, लांबट असतं, मगरीसारखं दिसतं. हा कार्पेट बीटल आहे. हा उजेडासाठी खिडकीत येतो, पण ह्याची अळी अंधारात बसून खाते. लोकर खाते, पिसं खाते, मेलेले किडे खाते. तिच्या अंगावर बारीक केस असतात, ते झडतात आणि माणसाच्या नाकातोंडात जातात. आईचा खोकला तो हा. हे पुरळ तेही ह्याचंच."

"तुला सगळ्यात विषच दिसतं," ताई म्हणाली.

"आणि तुला सगळ्यात गिऱ्हाईक."

"झालं का सुरू तुमचं?" असं म्हणत आईनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मी हिसकावून घेईन अशी भीती असावी तिला.

गोष्ट साधी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आदल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की खोलीत काहीतरी आहे, ते शोधून काढा. महिन्याभरात छाती मोकळी झाली नाही तर ह्यांना ह्या खोलीत ठेवायचं नाही. म्हणजे ताईच्या दुकानामागची बिनखिडकीची खोली, नाहीतर म्हाताऱ्या माणसांचं ते घर, जिथे एका दालनात बारा पलंग आहेत. आईनं दोन्हीला एकच उत्तर दिलं होतं. "मी इथून आडवीच निघेन." त्या पलंगावर तिनं आणि बाबांनी चाळीस वर्षं काढली होती. तिला तिथेच राहू द्यायचं असेल तर माझ्या हातात एक महिना होता.

मेलेले किडे खाते, हे माझ्याच तोंडून निघालं होतं. माझी नजर भिंतीवर गेली. तिथे ताईनं दिलेल्या सात फ्रेमी होत्या. मी एकेक उतरवून काच उघडली. सहावीच्या तळाशी तपकिरी भुकटी साचलेली, निळ्या फुलपाखराचे पंख धडापासून सुटून पडलेले, आणि कोपऱ्यात एक केसाळ अळी निवांत जेवत बसलेली. खाली ताईचं कार्ड: 'बदल. नवी सुरुवात.'

"झाली सुरुवात," मी म्हणाले.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिथे मी थांबायला हवं होतं. थांबणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही फ्रेमी काळ्या पिशवीत भरून मी भर बाजारात तिच्या दुकानात गेले. चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी पिशवी काउंटरवर उलटी केली.

"ह्या बाई नशीब विकतात ना? हे बघा नशीब. ह्यांच्या स्वतःच्या आईच्या छातीत जाऊन बसलंय."

मुलीच्या परीक्षेसाठी ब्रूच निवडत असलेल्या एका बाईनं तो अलगद खाली ठेवला आणि काढता पाय घेतला. मग बाकीचेही गेले. ताई माझ्याकडे वळली.

"सुपाचा सूड घेतलास तू."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

मी पायरी उतरत होते तेव्हा ती मागून किंचाळली, "तू हात लावलेलं काही जगत नाही!" आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. मी त्यांना हात केला आणि निघाले. घरी पोचेपर्यंत तो हात खिशात मुठीतच होता.

त्या महिन्यात मी आईकडे सहा वेळा गेले. फरशीच्या फटी साफ केल्या, गादीला वाफ दिली, पडदे उकळत्या पाण्यातून काढले, कपाट रिकामं करून पुसलं आणि फवारलं. दर वेळी आईला बाहेरच्या खोलीत बसवायचे, आणि दर वेळी ती काखोटीला उशी मारून उठायची.

"उशी ठेव ना इथे. तिलाही वाफ देते."

"उशीशिवाय माझी पाठ धरते गं."

आणि मी बरं म्हणायची. अठरा वर्षांचा अनुभव, आणि मी बरं म्हणायची! दुसऱ्या कुणाच्या घरी असते तर उशी हातातून ओढून घेतली असती. आईसमोर मी आठ वर्षांची होते.

काम झालं की ती मला बसवून घ्यायची. चहा, बिस्किटं, आणि प्रश्नांवर प्रश्न. ढेकूण आहेत हे तुला दारातूनच कसं कळतं? वाळवीची राणी किती वर्षं जगते? झुरळ डोक्याशिवाय जगतं हे खरं का? एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल घरातल्या कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी सांगत सुटायची. एका बंगल्यातल्या बाईंनी एका ढेकणासाठी मला मध्यरात्री फोन केला आणि बॅटरी लावून बघते तर ती डाळिंबाची बी निघाली, हे सांगितलं तेव्हा आई हसता हसता इतकी खोकली की मला तिची पाठ चोळावी लागली. आणि प्रत्येक वेळी निघताना ती बाटली पुढे करायची. आज नऊ. आज चौदा.

चौदा! मी जिन्यात उभी राहून स्वतःला शिव्या घालायची. फ्रेमी गेल्या, पडदे धुतले, फटी भरल्या, मग हे मेले खातात तरी काय? ताई माझी वेळ चुकवून सकाळी येऊन जायची आणि आरशावर चिठ्ठी चिकटवून ठेवायची. एकदा लिहिलं होतं, "माझी फुलपाखरं तर फेकलीस. आता कुणाच्या नावानं खडे फोडणार?" मी ती फाडली नाही. उत्तर असतं तर फाडली असती.

महिना संपायला एक दिवस उरला तेव्हा मी गेले, तर ताई माझी वाट बघत बसलेली. आईचे कपडे घड्या करून दारापाशी ठेवलेले.

"उद्या सकाळी मी हिला घेऊन जातेय," ती म्हणाली. "दुकानामागची खोली आवरलीय. तुझी हौस फिटली असेल तर पंप उचल आणि चालू लाग."

"त्या कोंदट खोलीत? त्यापेक्षा खोका आण आणि टाचून ठेव हिलाही."

"निदान रोज तिच्याकडे बघेन तरी! तुझ्यासारखी नाही, किडा निघाला तरच तोंड दाखवणारी."

मी आईकडे बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडली होती. आमचं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. तिनं मान उचलली तेव्हा पुरळ दिसलं. पहिल्या दिवसापेक्षा वाढलेलं, गालाच्या हाडापासून पार गळ्यापर्यंत. आणि उजवा गाल स्वच्छ. एक ठिपका नाही.

हे केस हवेतून येत असते तर दोन्ही गालांवर आले असते. मी महिनाभर हा गाल बघत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"आई, उशी दे."

"नको."

"आई, दे ती."

"माझी पाठ..."

मी उशीचं टोक धरलं. तिनं दुसरं टोक धरलं. त्या धापा टाकणाऱ्या बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. ताई धावली आणि माझा दंड धरून ओढायला लागली. "सोड, अगं सोड, पडेल ती!" मी सोडलं नाही. उशीची शिवण टरकन उसवली.

आतून कापूस नाही निघाला. आतून निळी लोकर निघाली. बाबांचा कोट, घडी घालून, बाह्या आत दुमडून. एक पितळेचं बटण सुटून टणटण करत पलंगाखाली गेलं. पाठीची पार चाळण झाली होती, कॉलर नुसती नावाला उरली होती, आणि घडीघडीतून अळ्या पडत होत्या. जिवंत, मेलेल्या, त्यांच्या टाकलेल्या काती. आई वर्षभर त्यावर गाल ठेवून झोपत होती.

माझ्या डोक्यात हिशोब लागला. इतक्या काती महिन्याभरात साचत नाहीत. सुरुवात कोटात झाली होती. फुलपाखराला कीड इथून लागली होती, फुलपाखराकडून इथे आली नव्हती. ताईलाही ते कळलं. ती वीस वर्षं किडे हाताळतेय, मूर्ख नाही ती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"म्हातारी झालेय, आंधळी नाही," आई म्हणाली. श्वास मिळेल तसं बोलत होती. "पहिला खिडकीत नाही, त्यांच्या कॉलरमधूनच निघाला. मी चिरडणार होते. पण ही म्हणाली, शुभ असतो. म्हटलं, बघू तरी. तुला फोन केला. वर्षभर बोलावत होते तर तुला वेळ नव्हता. किडा म्हटलं आणि तू त्याच संध्याकाळी आलीस. मग परत आलीस. महिन्यात सहा वेळा आलीस. बसलीस, चहा प्यायलीस, हसलीस माझ्याबरोबर. आता तूच सांग, शुभ नाही तर काय?"

"जीव गेला असता तुझा!" मी ओरडले. "अक्कल आहे का काही? ह्या कोटापायी, ह्या अळ्यांपायी जीव गेला असता!"

"उशी दिली असती तर तुझं येणं संपलं असतं."

मला रडू आलं. मला रडू आलं की मी आणखी जोरात ओरडते, त्यामुळे मी तिला बावळट म्हणाले, ताईला बावळट म्हणाले, आणि मग पलंगाच्या कडेला बसून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईनं माझ्या केसांतून हात फिरवला. माझे हात धुतलेले नव्हते, तरी तिनं ते दुसऱ्या हातात धरून ठेवले.

"आणि माझ्या दुकानात केलंस त्याचं काय?" थोड्या वेळानं ताई म्हणाली.

"चुकलं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हटलं ना!"

"दुकानात येऊन म्हण. गिऱ्हाइकांसमोर."

"येते."

ती दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली. "त्या दिवशी सुपाच्या वेळी मीसुद्धा..." एवढंच म्हणाली आणि व्हॅक्यूम आणायला गेली. पुढचं मी तिला कधी विचारलं नाही.

मी कोट काळ्या पिशवीत भरायला लागले तेव्हा आईचा चेहरा उतरला. "जाळणार का?"

"नाही. माझ्या फ्रीजरमध्ये ठेवते. दोन-तीन आठवड्यांत थंडीनं मरतात सगळे. मग धुऊन, रफू करून आणते."

"गारठतील गं ते."

"लोकरीचा कोट आहे, आई. गारठतील कसे?"

ती हसली आणि खोकली. मग बाटली उचलून उजेडाकडे धरली. आतले बहुतेक मेले होते, एकच उलटासुलटा होत चालत होता. "म्हणजे आता संपले का सगळे?"

अठरा वर्षांत मी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलेलं नाही. काम संपलं की संपलं म्हणते आणि पंप उचलून निघते. कोट गेल्यावर त्या खोलीत त्यांना खायला काडीभरही उरणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "अंडी राहतात. दर गुरुवारी येऊन बघावं लागेल."

"किती दिवस?"

"फार चिवट जात आहे. काही सांगता येत नाही."

ताईनं व्हॅक्यूम बंद केला. तिला माहीत होतं. मला वाटलं आता बोलणार, आईसमोर माझी पोलखोल करणार, दुकानातलं उट्टं काढणार. ती खाली वाकली, पलंगाखालून बटण काढलं, पदराला पुसलं आणि आईच्या हातात दिलं.

डॉक्टरीणबाईंकडून आम्ही आणखी दोन आठवडे मागून घेतले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी आईच्या छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, खोली बदलायची गरज नाही. त्याच्या आधीच, कोट सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ताईच्या दुकानात जाऊन, ब्रूच बघणाऱ्या तीन अनोळखी बायकांसमोर, चुकलं म्हणून आले होते. त्यांना काही कळलं नाही. ताईनं मला ते दोनदा म्हणायला लावलं.

आईची छाती मोकळी झाल्यानंतरच्या गुरुवारी मी पंपात नुसतं पाणी भरलं, तो खांद्याला अडकवला आणि आईकडे गेले. दार ताईनं उघडलं. तिनं नाक वर करून वास घेतला, पंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाणी आहे हे."

"गप्प बस."

"अजून आहेत का गं ते?" आतून आईनं विचारलं.

"आहेत, आहेत," ताई माझ्याआधी म्हणाली आणि मला आत घेण्यासाठी बाजूला झाली. "आई, फवारणी आली!"

खिडक्या उघडा, असं मात्र ती म्हणाली नाही.